लुकलुकतोय का?

माझा धंदा दिव्यांचा आहे. मांडवातल्या नव्हे, वायफायच्या डब्यावरच्या. दहिवडीला इंटरनेटची लाईन देणाऱ्या एका लहानशा ऑफिसात मी नोकरी करतो. खांबावर चढायचं, तुटलेल्या वायरीला जोड मारायचा आणि उरलेला दिवस फोनवर लोकांची बोलणी खायची. "आवं, तुमचं नेट जितं हाय का मेलं?" असा पहिला फोन सकाळी चहाच्या आधीच येतो. माझं डोकं तसं गरमच, त्यामुळं दिवसातून चारदा तरी मी कुणावर ना कुणावर खेकसतो. बायको म्हणते, तुमच्यात आणि त्या डब्यात फरक एवढाच, डबा बंद करून चालू केला की गप होतो.

डब्यावर पाच दिवे असतात. चार हिरवे, एक लाल. लाल दिवा एरवी विझलेला असतो. काचेच्या वायरीतून येणारा उजेड थांबला, म्हणजे कुठंतरी वायर तुटली, की तो लागतो. आणि लागतो तो लुकलुकतच. म्हणून गिऱ्हाईक "लाल दिवा लागलाय" म्हणालं की आम्ही दुसरा प्रश्न विचारायचाच असतो, "लुकलुकतोय का?" कारण लोकांना कुठंही लाल दिसतं. शेजारच्या इन्व्हर्टरचा दिवा दिसतो, टीव्हीचा दिसतो. एकदा भर उन्हात डोंगरापलीकडच्या एका वाडीत गेलो, तर डब्यावर घरातल्या पोरीनं लाल टिकली चिकटवून ठेवलेली. मालक म्हणाला, "आता लाल हाय ते लालच सांगणार की, सायेब!" तेव्हापासून मी कानाला खडा लावला. हजार लोकांना हजार वेळा हा प्रश्न विचारला असेल. एका माणसाला विचारला नाही.

तो माणूस माझा बाप.

आम्ही त्यांना दादा म्हणतो. ते तोफखान्यात होते आणि तोफांनी त्यांचे कान खाल्ले. समोरच्यानं ओरडून सांगितलं तर ऐकू येतं, फोनवर मात्र नुसती खरखर. त्यात आईचा आवाज बारीक. ती माहेरी नाहीतर माझ्या बहिणीकडं गेली की दोघांचं बोलणंच बंद. मग मी घरी लाईन ओढली, मोठ्या पडद्याचा मोबाईल आणून दिला आणि व्हिडिओवर बोलायची सवय लावली. आई ओठ मोठे हलवायची, हातवारे करायची, आणि दादांना सगळं समजायचं. मला तिच्या हातवाऱ्यांतलं निम्मं कळायचं नाही. दादा मात्र मधेच हसायचे आणि म्हणायचे, "व्हय व्हय, शेळीला पाला टाकलाय, काळजी करू नगंस."

आमचं गाव डोंगराच्या बगलेत, खोलगट. मोबाईलची रेंज ओट्यावरच, आणि तीही नुसतं बोलण्यापुरती. व्हिडिओ वायफायवरच चालायचा. म्हणून मी दादांना दिवे शिकवले. फौजी माणूस, नियम दिला की झालं. "हिरवं म्हणजे बरं. लाल म्हणजे तुटली. लाल दिसला की हात लावायचा नाही, मला सांगायचं." ते रोज सकाळी डब्यापुढं उभे राहून पाहणी करायचे. शेजारी राहणाऱ्या काकीला, म्हणजे माझ्या चुलतीला, हाक मारून फोन लावायला सांगायचे आणि ओट्यावरून ओरडायचे, "समदं हिरवं!" मी म्हणायचो, काकी, त्यांना सांग, काही बिघडलं तरच फोन करा. कामाचा खोळंबा होतो.

चार वर्षांमागं नवरात्रात आईच्या छातीत दुखायला लागलं. मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, थांबण्यात अर्थ नाही, दसरा का असेना, उद्या सकाळीच ऑपरेशन करू. तो खंडेनवमीचा दिवस होता. दवाखान्यात मी एकटाच होतो. दादांचे गुडघे चालत नव्हते आणि घरी जनावरं होती, म्हणून ते मागं राहिलेले.

दुपारी आई मला म्हणाली, "सांच्याला सहा वाजता ह्यांना फोनवर दाव. मला बोलायचं हाय."

पाच वाजता तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून वेणी घालून घेतली. तोंड धुतलं. उशीला टेकून बसली. मी काकीला आधीच निरोप दिला होता. सहाला फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना. सातआठदा झालं. शेवटी काकीचाच साधा फोन आला. ती ओट्यावर उभी, दादा आत डब्यापाशी.

"आरं, मोबाईलवर काईच येत न्हाई," काकी म्हणाली.

"त्यांना विचार, कुठं लाल दिसतंय का?"

काकीनं आत तोंड करून ओरडून विचारलं. आतून दादांचा आवाज मला मिरजेत स्पष्ट ऐकू आला, "लाल हाय! लय लाल हाय!"

झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आजच तुटायची होती! तालुक्यात त्या दिवशी खांबावर चढायला कुणी नव्हतं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत. आमच्या ऑफिसातसुद्धा पक्कड आणि शिड्या हार घालून ठेवलेल्या. आणि मला आठवलं की सकाळीच काकी बोलता बोलता म्हणाली होती, तात्यानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, पाईपलाईनच्या चरीसाठी भाड्याचा जेसीबी आणलाय, ड्रायव्हरला आजच सवड होती म्हणून. दादा त्यावर चिडले होते. खंडेनवमीला यंत्र लावतोस होय रं, म्हणाले होते.

मी फोनवरच फटकारलं, "मग तात्याच्या जेसीबीनंच तोडली असणार वायर! आता उद्याशिवाय काही होत नाही."

काकी म्हणाली, "गाडीवर घालून दादास्नी खिंडीत नेऊ का? तितं मोबाईलला नेट येतंय म्हनत्यात."

"नको. गुडघे दुखतात त्यांचे. उद्या ऑपरेशन झाल्यावर बोलतील निवांत."

काकीनं मी बोललो ते जसंच्या तसं दादांच्या कानात ओरडून सांगितलं. स्वतःच्या नवऱ्याचं नाव घालून सांगितलं, एवढी सरळ बाई.

लुकलुकतोय का, हे मी विचारलं नाही. माझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये ऑफिसचं ॲप होतं. त्यात प्रत्येक गिऱ्हाईकाच्या नावापुढं लाईन चालू की बंद ते दिसतं. ते उघडलं नाही. परक्याच्या घरचं असतं तर दोन्ही केलं असतं. बापाच्या बाबतीत मला वाटलं, मला सगळं माहीत आहे.

आईला सांगितलं, वायर तुटलीय. ती म्हणाली, "असू दे. तुटली तर कोन काय करनार?" मग थोडा वेळ तशीच टेकून बसली. मी मोबाईलवर दुसऱ्या दिवशीच्या रक्ताच्या बाटल्यांची जुळणी करत होतो. तिनं वेणी पुढं घेतली, मागं टाकली आणि आडवी झाली.

ऑपरेशन झालं, पण आई शुद्धीवर आली नाही.

दुपारी तात्यानं दादांना गाडीत घालून मिरजेला आणलं. अडीच-तीन तासांच्या वाटेत दोघं भाऊ एक शब्द बोलले नाहीत, हे काकीनं मला नंतर सांगितलं. दादांना अतिदक्षता विभागात दोन मिनिटं सोडलं. आईच्या तोंडात नळी होती. उशाशी यंत्र होतं आणि त्याच्यावर बारके हिरवे दिवे. दादांनी आईकडं पाहिलं, यंत्राकडं पाहिलं, आणि मला म्हणाले, "समदं हिरवं हाय. म्हंजे बरं हाय न्हवं?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

तिला गावी आणली. अंगण माणसांनी भरलं. बाहेरगावच्या पाव्हण्यांना कळवायचं होतं, तेवढ्यात एका मेव्हण्यानं येऊन हळूच विचारलं, "तुमचं वायफाय चालत न्हाई का?" बघा माझी जात! आई अंगणात निजलेली आणि मी सवयीनं उठून डबा बघायला आत गेलो.

डबा कपाटाच्या कोनाड्यात होता. त्याच्यावर झेंडूचं वाळलेलं फूल होतं आणि पुढच्या बाजूला दिव्यांच्या रांगेवरून कुंकवाचा ओघळ आलेला. दरवर्षी खंडेनवमीची पूजा आई करायची. त्या वर्षी ती नव्हती म्हणून दादांनी केली. विळा, खुरपी, कुऱ्हाड, आईचं शिलाई मशीन, सगळं पुसून मांडलं आणि त्यांत हा डबाही ठेवला. काकीनं विचारलं तर म्हणाले होते, "ह्ये माझ्या पोराचं हत्यार हाय. त्याच्याबिगर त्याचं पोट चालत न्हाई." ओल्या फडक्यानं पुसला आणि वर कुंकू लावलं. ओलसर डब्यावरून ते खाली उतरलं आणि दिव्यांवर येऊन वाळलं. दादांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांनी लाल पाहिलं, लाल सांगितलं.

मी अंगठ्यानं कुंकू पुसलं. लाल दिवा विझलेला होता. बाकीचे हिरवे होते, एक सोडून. वायफायचा दिवा बंद. डब्याच्या कडेला वायफायचं बारकं बटण असतं, ते पुसताना दाबलं गेलेलं. मी ते दाबलं. दिवा लागला. बाहेर मेव्हण्याचा मोबाईल टिंगटिंग वाजायला लागला. वायर तुटलीच नव्हती. मी ॲप उघडून पाहिलं, चारही दिवस लाईन चालू होती.

तेवढ्यात बाहेर दादांचा आवाज चढला.

तिरडी उचलायची वेळ झाली होती. तात्या खांदा द्यायला पुढं झाला होता. आई लग्न होऊन आली तेव्हा तात्या दुसरीत होता, त्यांच्या आईला जाऊन वर्ष झालेलं. माझ्या आईनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं. तो तिला वैनी म्हणायचा, पण वागायचा लेकासारखा. दादांनी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागं सारलं.

"तू खांदा द्यायचा न्हाईस! खंडेनवमीला यंत्र लावलंस, वायर तोडलीस. तुझ्यापायी ती माज्याशी न बोलता गेली."

तात्या म्हणाला, "दादा, मी बगून खनलं रं. वायर तिकडं न्हाई..." दादांना ऐकू गेलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. मी दारात उभा होतो. माझ्या अंगठ्याला कुंकू होतं. मला तेव्हा चार शब्द बोलायचे होते, वायर तुटली नव्हती, दादा. तेवढेच. तात्या माझ्याकडं बघत होता. तो मला काही मागत नव्हता, नुसता बघत होता. मी मूग गिळून पुढं झालो आणि तात्याच्या जागी दुसऱ्याच कुणाला तरी बोलावलं.

मी स्वतःला सांगितलं की दादांना कळलं, आपल्याच हातच्या कुंकवानं हे झालं, तर ते खचतील. हे खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. दिव्यात लाल काय दिसतंय, हे विचारायचं काम माझं होतं. जेसीबीचं नाव मीच काढलं होतं. खिंडीत नेऊ का म्हणणाऱ्या काकीला मीच नको म्हणालो होतो. मला बापाचा राग माझ्यावर नको होता, एवढीच गोष्ट. तात्यावर गेला, तर मी जाऊ दिला.

त्यानंतर दादांनी दोन अंगणांच्या मधे बाभळीच्या फांद्या लावून कुंपण घातलं. पेन्शनीच्या कामाला ते तात्याच्या गाडीवर साताऱ्याला जायचे, ते बंद झालं. एसटीनं जायला लागले, तेही थांब्यापर्यंतच्या वाटेत चारदा बसत. दिवाळीला काकीनं फराळाचं ताट पाठवलं, ते आल्या पावली परत गेलं. मी दर आठवड्याला गावी जायचो, हे सगळं बघायचो आणि दहिवडीला येऊन लोकांना विचारायचो, "लुकलुकतोय का?"

वर्षश्राद्धालाही तात्याला बोलावलं नाही. त्या दिवशी मी रानात जाऊन त्याला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. तो बांधावर बसला. विडी काढली, पेटवली नाही. मला वाटलं, आता कानाखाली काढतो. तो म्हणाला, "दादाला सांगू नगंस."

"तात्या, तुला खांदा..."

"माजं जाऊ दे. कुकू त्यानं लावलं हुतं, ह्ये कळलं तर मरंल रं त्यो. माज्यावर चिडतोय तवर जगतोय. दिऊ दे शिव्या."

किती सोपं झालं माझं! तात्यानंच सांगितलं म्हटल्यावर मी आणखी अडीच-तीन वर्षं गप बसलो. त्यानं मला सोडवलं आणि मी सुटलो. असा मी माणूस. आता लिहितानाही लाज वाटते.

गेल्या वैशाखात तात्याच्या पोरीचं लग्न ठरलं. तात्या आणि काकी पत्रिका घेऊन कुंपणापाशी आले. मी ओट्यावर होतो. तात्यानं डोक्याला टोपी घातली होती, हातात पत्रिका आणि अक्षता. चार वर्षांत त्याचे केस पांढरे झालेले मला त्या दिवशी एकदम दिसले. त्यानं हाक मारली, "दादा, पोरीला आशीर्वाद द्याया या." दादा खाटेवर होते. त्यांनी पाठ फिरवली. काकी रडायला लागली. तात्यानं पत्रिका बाभळीच्या फांदीत अडकवली आणि जायला वळला.

माझ्यानं राहवलं नाही. मी दादांच्या पुढ्यात जाऊन बसलो आणि म्हणालो, "दादा, वायर तुटली नव्हती."

"आं?"

ओरडावं लागलं. जे चार वर्षं पोटात ठेवलं, ते सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडून सांगावं लागलं. "वायर तुटली नव्हती! तात्यानं काही केलं नव्हतं! दिव्यावर कुंकू होतं! मी विचारायला पाहिजे होतं, मी विचारलं नाही!"

तात्या तिकडून हात हलवून नको नको करत होता.

दादा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. ओठ वाचत होते. "कुकू," ते म्हणाले. "मी लावल्यालं?"

"व्हय."

"तुला कवा कळलं?"

"तिरडी उठायच्या आधी."

"आनि बोलला न्हाईस."

"न्हाई."

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उठले, भिंतीला धरून अंगणात उतरले आणि कुंपणाची एक फांदी ओढायला लागले. काटे लागत होते. मी पुढं झालो तर म्हणाले, "तू हात लावू नगंस." तात्यानं पलीकडून फांद्या बाजूला केल्या. दादा त्याच्या अंगणात गेले. तिथं खाटेवर दोघं शेजारी शेजारी बसले. दादांनी तात्याचा हात आपल्या मांडीवर घेऊन ठेवला आणि वर बघितलंच नाही. काकीनं चहा केला. दादांनी अक्षता घेतल्या, लग्नालाही गेले. पण खांदा काही परत देता येत नाही. तात्याला वैनीला पोचवता आलं नाही ते नाहीच.

मला वाटलं होतं, आता दादा माझ्याशी बोलणार नाहीत. ते त्याच दिवशी दिवेलागणीला परत आले, ओट्यावर टेकले आणि मला जवळ बोलावलं. रागात नव्हते. काहीतरी आठवत असल्यासारखे म्हणाले, "त्या दिशी तिला काय बोलायचं हुतं रं? तुला काय सांगितलं हुतं का?"

मी त्या संध्याकाळी तिच्या खाटेशी बसून होतो. ती जागी होती, वेणी घालून बसली होती. मला वेळच वेळ होता.

"मी विचारलं नाही, दादा," मी ओरडून म्हणालो.

त्यांना एका खेपेतच ऐकू गेलं. त्यांनी मान हलवली.

"मी तरी कवा इचारलं," ते म्हणाले. "तीच आपली सांगायची."